शस्त्रादिहत : नळदुर्गच्या रस्त्यावर पडलेल्या एका हवालदाराचा शोध

भाद्रपद वद्य चतुर्दशीसमोर आपल्या पंचांगांत ‘शस्त्रादिहत पितृश्राद्ध’ असे छापलेले असते. पितृपंधरवड्यात ज्याचे त्याचे श्राद्ध ज्याच्या त्याच्या तिथीला होते. तिथी ठाऊक नसेल त्याच्यासाठी सर्वपित्री अमावास्या आहे. आणि शस्त्राने मेलेल्यांसाठी तिच्या आदला हा एक दिवस वेगळा राखला आहे. धर्मशास्त्राच्या तपशिलात शिरण्याचे येथे कारण नाही. आम्हांला त्यात रस आहे तो एक सामाजिक नोंद म्हणून. कोणत्याही घरात असा एखादा मृत असू शकतो, असे ही तिथी गृहीत धरते. वंशावळीचे मात्र तसे नाही. वंशावळ पुत्रपौत्रांनी वाढते. विशी-बाविशीत लढाईवर गेलेला आणि तिथेच राहिलेला मुलगा तीत एका रेघेच्या टोकाशी थांबतो. पुढे ‘निःसंतान’ एवढा शब्द. खरे तर तो कोणाचाच पूर्वज नसतो. असतो तो फार तर पणजोबांचा धाकटा भाऊ, आणि त्याचा शोध घेतो तो नेहमी भावाचा पणतू.

मराठीत कुलवृत्तांत नावाचा एक भरघोस वाङ्मयप्रकार आहे. त्याची शिस्त, त्याची चिकाटी यांविषयी आदरच वाटतो. पण तो बहुतांशी लिहित्या जातींच्या घरांचा. पलटणीत गेलेली माणसे ज्या कुणबी, मराठा, महार, धनगर घरांतून गेली, तिथे कुलवृत्तांत नव्हता. होती ती आजीची आठवण : ‘बसऱ्याला गेला तो आलाच नाही.’ बसरा हे इराकातील शहर आहे, हे त्या आजीला माहीत असण्याचे कारण नव्हते. तिच्या भाषेत बसरा म्हणजे परत न येण्याची जागा.

तुळजापूर तालुक्यात बसून असा शोध घ्यायचा तर एक विचित्र गोष्ट ध्यानात येते. या तालुक्यातून दूर जाऊन मेलेल्यांचा माग काढणे जितके कठीण, तितकेच या तालुक्यात दुरून येऊन मेलेल्यांचा माग काढणेही कठीण. आणि त्यांपैकी एकाचे नाव तर साऱ्या देशाच्या सैनिकी इतिहासात नोंदलेले आहे.

तुळजापूरहून नळदुर्ग सुमारे 35 किलोमीटर. बोरी नदीने कवेत घेतलेला तो काळ्या दगडाचा किल्ला, आदिलशाहीत बांधलेला बंधारा, त्याच्या पोटातला पाणीमहाल आणि पावसाळ्यात बंधाऱ्यावरून कोसळणारे ‘नर’ व ‘मादी’ हे दोन धबधबे पाहायला माणसे येतात. साहित्याच्या विद्यार्थ्याला नळदुर्ग आणखी एका कारणाने ठाऊक असावा. निजामाने 1853 च्या तहान्वये हा मुलूख इंग्रजांकडे दिला, तेव्हा येथे कारभार पाहायला आलेला अधिकारी म्हणजे ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’चा कर्ता मेडोज टेलर. त्याची 1863 ची ‘तारा’ ही कादंबरी तर तुळजापुरातच सुरू होते. इंग्रजी कादंबरीत तुळजापूर आले ते मराठी कादंबरीच्याही आधी, असे म्हणायला हरकत नसावी. असो. 1860 मध्ये हा मुलूख पुन्हा निजामाकडे गेला आणि पुढची 88 वर्षे तिथेच राहिला.

13 सप्टेंबर 1948 रोजी पहाटे भारतीय सैन्य सोलापूरच्या बाजूने हैदराबाद संस्थानात शिरले. दक्षिण विभागाचे प्रमुख लेफ्टनंट जनरल राजेंद्रसिंहजी, आणि सोलापूरकडून निघालेल्या मुख्य फौजेचे नेतृत्व मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्याकडे. सोलापूर–हैदराबाद रस्त्यावरचा पहिला अडसर म्हणजे नळदुर्ग. बोरीवरचा पूल उडवला गेला असता तर रणगाडे तिथेच अडकले असते. म्हणून पूल शाबूत हाती येणे हीच त्या सकाळची खरी लढाई होती. पूल शाबूत ताब्यात आला. दुसरी शीख पलटण नळदुर्गच्या ठाण्यावर चालून गेली, चिलखती गाड्या जळकोटकडे सुटल्या आणि दुपारी सव्वातीनच्या सुमारास उमरगा गाठले गेले. त्याच दिवशी एक वेगळी तुकडी भल्या पहाटे तुळजापुरात पोहोचली होती. तिथे हैदराबाद इन्फन्ट्रीच्या पहिल्या पलटणीची एक तुकडी आणि सुमारे 200 रझाकार यांनी दोन तास झुंज दिली आणि मग शस्त्रे खाली ठेवली. भवानीच्या गावातली ही दोन तासांची लढाई इतिहासाच्या पुस्तकांत एका वाक्याची धनी आहे.

नळदुर्गच्या त्या सकाळी दुसऱ्या शीख पलटणीचा एक प्लॅटून रस्ता अडवण्याच्या कामावर होता. त्याचे नेतृत्व हवालदार बचित्तर सिंग यांच्याकडे होते. जन्म 1917 चा, पंजाबातील लोपो या गावचा. म्हणजे वय 31. पुढचा वृत्तान्त त्यांच्या शौर्यपदकाच्या अधिकृत निवेदनातून येतो, आणि तो असा. शत्रूची दोन वाहने येताना दिसली, त्यांतील पहारेकऱ्यांनी गोळीबार सुरू केला. हवालदारांनी आपल्या माणसांना उत्तर द्यायला सांगितले आणि स्वतः धावून जाऊन दोन्ही वाहने माणसांसकट पकडली. नंतर प्लॅटूनवर एका भक्कम मोर्चातून गोळ्या येऊ लागल्या. ते पुढे सरकले. मोर्चा 30 यार्डांवर असताना हलक्या मशीनगनची फैर मांडीत बसली आणि ते कोसळले. सरपटत पुढे जाऊन त्यांनी दोन हातबाँब फेकले, गन बंद पडली. मागे नेण्याची तयारी झाली तेव्हा त्यांनी नकार दिला, आणि आपल्या माणसांना धीर देत तिथेच प्राण सोडला.

मराठी शिकवणारी माणसे असल्यामुळे आम्ही हा मजकूर प्रथम एक वाङ्मयप्रकार म्हणून वाचतो. शौर्यनिवेदनाचे व्याकरण ठरलेले असते : कामगिरी, अडथळा, जखम, नकार, मृत्यू. क्रम बदलत नाही, विशेषणे फारशी बदलत नाहीत. त्यात नायकाला आई नसते, शेत नसते, बोलीभाषा नसते. 31 वर्षांच्या आयुष्यातले शेवटचे काही तास एवढाच त्याचा अवकाश. नेमकी हीच रचना आपल्या परिसराने सात-आठशे वर्षांपूर्वी दगडात कोरून ठेवली आहे. गावाच्या वेशीवर, देवळाच्या आवारात शेंदूर फासून उभे असलेले वीरगळ पाहा. खालच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगापुढे हात जोडलेला तोच वीर, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. कर्नाटकात अशा दगडांवर लेख अनेकदा सापडतो. आपल्याकडे तो क्वचितच. वीर कोणाचा, कोणत्या गावचा, हे ज्यांना ठाऊक होते त्यांनी दगड उभा केला, आणि ते गेल्यावर दगडाला शेंदूर लागून त्याचा देव झाला. नाव हरवल्यामुळे पूजा सुरू झाली, असेही म्हणता येईल.

बचित्तर सिंगांचे नाव हरवले नाही. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. 1952 मध्ये हा सन्मान सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या मानकऱ्यांत ते आहेत. पण येथे एक शब्द आडवा येतो, आणि आमच्या दृष्टीने या शोधातली सर्वांत मोलाची गोष्ट तीच आहे. अशोकचक्र हा शत्रूसमोर गाजवलेल्या शौर्याचा सन्मान नव्हे. शत्रूशी प्रत्यक्ष सामना नसलेल्या प्रसंगी दाखवलेल्या सर्वोच्च शौर्यासाठी तो आहे. शत्रूसमोरच्या शौर्यासाठी परमवीरचक्र आहे. दोन्ही सन्मान 15 ऑगस्ट 1947 पासूनच्या कामगिरीला लागू करण्यात आले. आता तारखा जुळवून पाहाव्यात. 13 सप्टेंबर 1948 ला दुसऱ्या शीख पलटणीचे बचित्तर सिंग नळदुर्गला मशीनगनच्या तोंडी पडले. बरोबर एका महिन्याने, 13 ऑक्टोबर 1948 ला, काश्मीरच्या आघाडीवर तिथवाल येथे त्याच रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीचे लान्स नायक करम सिंग यांनी असाच जखमी अवस्थेत मोर्चा राखला. करम सिंगांना परमवीरचक्र मिळाले. ते वाचले आणि 1993 पर्यंत जगले. रेजिमेंट एक, वर्ष एक, गोळ्या सारख्याच खऱ्या. फरक एवढाच की काश्मिरात युद्ध होते आणि हैदराबादेत ‘पोलीस कारवाई’ होती.

हा शब्द सहज निवडला गेला नव्हता. निजामाने आपला प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीपुढे नेला होता. भारत सरकारला ही कारवाई म्हणजे घरातला बंदोबस्त आहे, दोन राष्ट्रांतले युद्ध नव्हे, असे जगाला सांगायचे होते. लष्कराच्या आपल्या कागदांत तिचे नाव ‘ऑपरेशन पोलो’ असे सैनिकीच होते. राजकीय दृष्ट्या तो शब्द समर्थनीय होता, याबद्दल आम्हांला शंका नाही. पण त्याची किंमत भाषेच्या बाहेरही मोजली गेली. रणगाडे, तोफा आणि विमाने घेऊन केलेल्या कारवाईत मेलेला माणूस व्याख्येने युद्धात मेला नाही. आमच्या मराठवाड्यात जुनी माणसे आजही वर्षे मोजतात ती ‘पोलीस ॲक्शन’च्या मागेपुढे : लग्न ॲक्शनच्या आदल्या साली, थोरला पोरगा ॲक्शनच्या साली. सरकारी शब्द बोलीत इतका मुरलेला असताना त्याच्या आत एक लढाई आहे, आणि त्या लढाईत मेलेली माणसे आहेत, हे विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगावे लागते.

माणसे म्हणताना एकाच बाजूची मोजून चालणार नाही. पाच दिवसांच्या त्या मोहिमेत हैदराबादच्या नियमित लष्कराचे 807 सैनिक आणि 1,373 रझाकार मेल्याचे आकडे सर्वसाधारणपणे दिले जातात. रझाकारांच्या अत्याचारांनी हा सारा मुलूख पोळला होता. अनंत भालेराव यांच्या ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ या ग्रंथात त्याची सविस्तर हकिकत आहे, आणि सोलापूर-बार्शीच्या सरहद्दीवरच्या कॅम्पांतून लढलेल्यांच्या आठवणी आमच्या आधीच्या पिढीने प्रत्यक्ष ऐकल्या आहेत. पण पगारी शिपाई आणि रझाकार ही एकच गोष्ट नव्हे. नळदुर्गच्या त्या मोर्चामागे मशीनगन धरून बसलेला शिपाईही कुणाचा तरी मुलगा होता, तोही हुकमाचा ताबेदार होता, आणि हातबाँब पडल्यावर त्याचाही शोध कुणीतरी घेतला असेल. त्याच्यासाठी निवेदन लिहायला मात्र कोणी उरले नाही. ज्या राज्यासाठी तो लढला ते चार दिवसांनी संपले. 17 सप्टेंबरला युद्धबंदी झाली, दुसऱ्या दिवशी मेजर जनरल एल एद्रूस यांनी चौधरींपुढे शरणागती पत्करली, आणि ते लष्कर इतिहासजमा झाले. हरलेल्या आणि शिवाय नाहीशा झालेल्या राज्याचा शिपाई हा शोधकर्त्यासाठी सर्वांत अवघड माणूस.

आणि लढाईनंतरचे मृत तर शिपाईसुद्धा नव्हते. भारत सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने 1948 च्या अखेरीस संस्थानात हिंडून अहवाल दिला. कारवाईच्या काळात आणि नंतर किमान 27 ते 40 हजार माणसे मारली गेली, असा तिचा अंदाज; आणि सर्वाधिक झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत गुलबर्गा, बीदर, नांदेड यांच्याबरोबर उस्मानाबादचे नाव. मृतांत मुख्यतः मुसलमान रयत होती. हा अहवाल सर्वांसाठी खुला झाला 2013 मध्ये, म्हणजे 65 वर्षांनी. तुळजापूर तालुक्यात 1948 च्या मृतांचा शोध घेणाऱ्याला ही पाने उलटून पुढे जाता येणार नाही.

आता नळदुर्गची उलटी बाजू पाहू : मराठी मुलूख सोडून परक्या मातीत पडलेला मुलगा. त्याचे सर्वांत लख्ख उदाहरण नायक यशवंत घाडगे यांचे. माणगाव तालुक्यातील पळसगावचा हा तरुण पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत होता. 10 जुलै 1944 रोजी इटलीत, तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्याच्या सेक्शनमधली सगळी माणसे मशीनगनने मारली वा घायाळ केली, तेव्हा तो एकटा त्या गनवर धावून गेला. आधी हातबाँब, मग टॉमीगन; आणि मॅगझीन बदलायला उसंत नव्हती म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांवर घाव. लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तो पडला तेव्हा त्याचे वय 22 होते. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. देह सापडला नाही. नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. इटलीच्या मोहिमेत मेलेल्या हिंदी सैनिकांची संख्या 5,782 सांगतात, त्यांतला हा एक.

2023 मध्ये तिकडच्या मोंतोने या गावात घाडगे यांच्या नावाने एक स्मारक उभे राहिले. ते आहे एक सूर्यघटिका. पळसगावाशी काहीही नाते नसलेल्या एका डोंगरी गावाने, 79 वर्षांनी, आपल्या शिवारात मेलेल्या कोकणातल्या पोराला आपल्या मृतांत जमा करून घेतले. लोपोच्या हवालदाराशी नळदुर्गचे नाते ते हेच. रक्ताच्या नात्याने त्यांचे पूर्वजपण पंजाबात आहे. पण जिथे माणूस पडतो त्या भुईचाही त्याच्यावर काही हक्क लागतो, आणि तिची काही देणी असतात.

या दोघांची नावे राहिली ती पदकामुळे. पदक नसलेल्यांचे काय होते, हे पहिल्या महायुद्धात पाहावे. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि थडगे न सापडलेल्या 40 हजारांहून अधिक सैनिकांसाठी 1929 मध्ये बसऱ्याला स्मारक उभारले गेले. गोऱ्या सैनिकांची नावे शिपायापर्यंत कोरली. हिंदी पलटणींच्या अधिकाऱ्यांची नावे कोरली. आणि हिंदी शिपायांसाठी पलटणीच्या नावाखाली फक्त संख्या. ब्रिटिशांच्याच युद्धस्मारक आयोगाने 2021 मध्ये या भेदाची जाहीर कबुली दिली आणि क्षमा मागितली. तोवर सद्दाम हुसेनच्या हुकमाने ते स्मारक 1997 मध्ये मूळ जागेवरून उचलून नासिरियाच्या रस्त्याला नेलेलेही होते. आपल्याकडे सातारा जिल्ह्यातील अपशिंगे मिलिटरी या गावच्या स्मारकाचीही तीच तऱ्हा : गावातून किती गेले, त्यांपैकी 46 परत आले नाहीत. आजीच्या ‘बसऱ्याला गेला’ या वाक्यात निदान एक ‘तो’ होता. दगडावर 46 आहेत.

तरीही शोध लागतो, कारण दगडावर नसलेली नावे अनेकदा वह्यांत असतात. आयोगाच्या हिंदी नोंदींत पुष्कळदा बापाचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा दिलेला असतो. लाहोरच्या संग्रहालयात पडून राहिलेल्या पंजाबी सैनिकांच्या गाववार वह्या 2021 मध्ये संगणकावर आल्या. त्यांत सुमारे 3 लाख 20 हजार माणसे निघाली. आमच्या भागातल्या घराला मात्र आधी तीन कुलुपे उघडावी लागतात. पहिले कुलूप नावाचे. इटलीत 1945 मध्ये व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नामदेव जाधव जगभरच्या कागदांत ‘जादव’ आहेत. तेव्हा ‘जाधव’ म्हणून शोधणाऱ्याने ह गाळून, व बदलून, आडनावाऐवजी बापाचे नाव घालून पाहावे. पलटणीच्या कारकुनाला ऐकू आले ते त्याने लिहिले आहे. दुसरे कुलूप जिल्ह्याचे. हाच जिल्हा कधी नळदुर्ग जिल्हा होता, मग उस्मानाबाद झाला, आणि 2023 पासून धाराशिव आहे. जुन्या इंग्रजी नोंदीत तर बरेचदा नुसते ‘हैदराबाद’ किंवा ‘दख्खन’ असते, आणि तुळजापूरचा मुलगा तेवढ्यावरून हैदराबाद शहराचा ठरतो. तिसरे कुलूप कालगणनेचे आणि लिपीचे. निजामी कागद उर्दूत आणि फसली सनात आहेत. फसली आकड्यात 590 किंवा 591 मिळवले की इसवी सन साधारण हाती येतो; म्हणून ‘पोलीस ॲक्शन’चे साल तिथे 1357 फसली आहे. जमिनीचे फेरफार पाहताना अमुक साली एका भावाचे नाव कमी झालेले दिसले, तर तो धागा सोडू नये. सरकारने सैनिकाचे नाव लिहिले नसेल, पण त्याचा वाटा कमी केल्याची नोंद बहुधा केलेली असते.

कागद बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रात असतात, तसे ते तलाठ्याच्या दप्तरात आणि नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळींतही असतात. सोलापूर-विजापूरच्या बाजूचे हेळवी बैल घेऊन गावोगाव हिंडत आणि घराण्याच्या पिढ्या म्हणून दाखवत. त्यांच्या चोपड्या अजून काही घरांनी पाहिलेल्या आहेत. हेळवी पिढी म्हणतो तेव्हा निःसंतान भावाचे नाव घेतो, की वगळून पुढच्या वंशाकडे जातो, हे एकदा शेजारी बसून ऐकायला हवे. मराठीच्या एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंधासाठी एवढा एकच प्रश्न घेतला तरी तीन वर्षे पुरेल, आणि तुळजापूर-नळदुर्गचा पट्टा त्यासाठी पायी फिरण्याजोगा आहे.